विद्यार्थ्याच्या हाताला काम

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्या आजोबांच्या तोंडी असे. आणि तेच आजोबा, नातू पदवीधर झाला की ‘आता नोकरीचे काय?’ असे सर्वांच्या आधी विचारीत. म्हण एकीकडे आणि पोट एकीकडे, असा हा आपल्या घराघरांतला जुना मामला आहे. दिवाळीला मुले घरी येतात, फराळाची ताटे मांडली जातात, आणि कुणी तरी काका, कुणी तरी मामा नेमका अनारसा तोंडात असताना विचारतो, ‘मग, पुढे काय?’ मुलगा किंवा मुलगी शेवटच्या वर्षाला असेल, तर तो अनारसा चटकन घशाखाली उतरत नाही.

या साध्या प्रश्नाला एक इतिहास आहे. ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याने विद्यार्थ्याच्या पोटाचीही काळजी वाहावी काय, आणि वाहायची तर ती पदवी दिल्यावर की शिकत असतानाच, या वादाला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. तो सनावळ्यांचा इतिहास असला तरी रुक्ष नाही. त्यात भट्ट्या आहेत, विटा आहेत, गहाण पडलेले घड्याळ आहे आणि एका माउलीचे मंगळसूत्रही आहे.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे, याचे कारण उघड आहे. सोनाराचे पोर बापाच्या शेगडीपाशी बसून फुंकणी धरायला शिके. कुळकर्ण्याचा मुलगा दप्तराची रुमाले सोडता-बांधता मोडी गिरवी. शिकणे कुठे संपले आणि कमावणे कुठे सुरू झाले, हे त्या पोरालाही सांगता आले नसते. या व्यवस्थेचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. पण तिची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. शेगडी आणि दप्तर यांच्यामध्ये जातीची भिंत होती. कुंभाराच्या मुलाने मडके घडवावे, दप्तराकडे डोळा लावू नये, असा तो करार होता, आणि त्या करारावर पोराची सही कुणी घेतली नव्हती.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली आणि निदान कागदावर ती भिंत पडली. फी भरील आणि परीक्षा उतरेल त्याला पदवी मिळू लागली. परंतु एक भिंत पडता पडता दुसरी उभी राहिली, ती पुस्तक आणि हत्यार यांच्यामध्ये. पदवीधराला शेक्सपिअरची नाटके पाठ येत, पण बाजारात गेल्यावर हिशेबाची वही कुठून उघडायची हे त्याला ठाऊक नसे. मग सुरू झाले ते चक्र, जे आजच्या मुलांनाही चांगले परिचयाचे आहे: अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. हे चक्र फोडण्याचे एकच हत्यार लोकांना माहीत होते. त्याला आपल्याकडे वशिला म्हणतात. ज्याचा मामा कचेरीत, त्याची चिठ्ठी साहेबांच्या मेजावर. ज्याला असा मामाच नाही, त्याने काय करायचे?

वशिला ही काही आपलीच मिरास नव्हे. इंग्लंडात ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदवीधरांचे बरेचसे असेच चाले. प्राध्यापकाची ओळख, घराण्याचे नाव, एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकाला लिहिलेले पत्र, यांवर आयुष्याची दिशा ठरे. १८९२ साली ऑक्सफर्डने पदवीधरांच्या नेमणुकांसाठी एक समिती स्थापली. १९०२ साली केंब्रिजने असेच मंडळ काढले. आज जगभरच्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांना व्यवसायाचा सल्ला देणारी जी कार्यालये दिसतात, त्यांच्या अगदी जुन्या पूर्वजांत यांची गणना होते. कल्पना साधीच. विद्यापीठाने स्वतःच मामा व्हायचे! कुठे जागा रिकामी आहे याची माहिती एका ठिकाणी गोळा करायची आणि ती सर्व विद्यार्थ्यांपुढे ठेवायची.

ही मोठीच सुधारणा होती. परंतु तिच्यात एक उणीव होती. समिती चिठ्ठी देई, अनुभव देत नसे. विद्यार्थी शिकून बाहेर पडला की मग तिचे काम सुरू होई. शिकत असतानाच त्याच्या हाताला काम मिळाले तर? हा पुढचा प्रश्न एका तरुण अमेरिकन प्राध्यापकाला पडला.

त्याचे नाव हर्मन श्नायडर. जन्म १८७२ चा, पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. लीहाय विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी शिकत असताना तो एका वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत काम करून आपला खर्च भागवी. पुढे त्याच विद्यापीठात शिकवायला लागल्यावर त्याने एक चौकशी केली. आपले जे जुने विद्यार्थी पुढे खरोखर कर्तबगार निघाले, ते शिकत असताना काय करीत होते? उत्तर मिळाले ते त्याच्या स्वतःच्या आयुष्यासारखेच. त्यांतले बहुतेकजण शिकता शिकता किंवा सुट्टीत कुठे ना कुठे काम केलेले होते. वास्तविक बिचारे गरिबीपायी राबले होते. पण श्नायडरच्या ध्यानात आले की ती गरिबीच त्यांची एक प्रयोगशाळा झाली होती.

सांगतात की एके संध्याकाळी तो विद्यापीठाच्या आवारात फिरत असताना शेजारच्या बेथलहेम पोलाद कारखान्यातील भट्टीचा लोळ आभाळात उठला. त्या उजेडात त्याला वाटले, एवढी मोठी, एवढी अद्ययावत प्रयोगशाळा आपल्या कुंपणापलीकडे धगधगते आहे, आणि आपण मुलांना लहानसहान यंत्रे दाखवण्यासाठी पैसे जमवीत बसलो आहोत! कथा थोडी रंगवलेली असेलही. परंतु विचार पक्का होता. वर्गात सिद्धान्त, कारखान्यात व्यवहार, आणि दोन्ही आलटून पालटून.

लीहायला हा विचार मानवला नाही. १९०३ साली श्नायडर सिनसिनाटी विद्यापीठात गेला. हे शहर यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होते. तेथील कारखानदारांच्या दारोदार जाऊन त्याने त्यांची मने वळवली. विद्यापीठाच्या विश्वस्तांचे मन वळवणे त्याहून कठीण गेले. अखेर त्यांनी एका वर्षापुरती परवानगी दिली, तीही प्रयोग फसला तर जबाबदारी आमची नाही असे बजावून. आपल्याकडच्या एखाद्या शाळासमितीच्या ठरावासारखाच हा ठराव वाटतो, नाही?

१९०६ साली २७ विद्यार्थ्यांनिशी प्रयोग सुरू झाला. त्याची घडण मोठी मजेशीर होती. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. जोडीतला एक आठवडाभर वर्गात बसे, तेव्हा दुसरा कारखान्यात त्याच यंत्रावर उभा राही. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. आठवडा संपताना दोघांनी एकमेकांना भेटून काम कुठवर आले ते समजून घ्यायचे, म्हणजे सोमवारी यंत्र अडू नये. कारखानदाराला बाराही महिने एक माणूस पुरा मिळे आणि विद्यापीठाला एका जागेवर दोन विद्यार्थी शिकवता येत.

यात आणखी एक माणूस होता आणि माझ्यासारख्या शाळामास्तराला त्याचेच मोल अधिक वाटते. विद्यापीठाचा एक अध्यापक कारखान्यांतून हिंडे, आपला विद्यार्थी कोणत्या कामावर आहे ते डोळ्यांनी पाही, आणि मग वर्गात येऊन विचारी, ‘तू काल ज्या पट्ट्याला तेल दिलेस तो घसरत का होता?’ त्या प्रश्नातून गणित निघे, पदार्थविज्ञान निघे. हा दुवा सांधणारा माणूस नसता, तर कारखान्यातला आठवडा ही केवळ मजुरी झाली असती आणि वर्गातला आठवडा ही केवळ घोकंपट्टी. दोहोंचे शिक्षण झाले ते त्या हिंडणाऱ्या मास्तरामुळे.

विरोध झालाच. विद्यापीठाची कारागिरांची शाळा होईल, असे पंडित म्हणाले. पण प्रयोग टिकला. १९०९ साली बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्नने तो उचलला, १९२१ साली अँटिऑक महाविद्यालयाने तो अभियांत्रिकीच्या बाहेर नेला, आणि १९५७ साली कॅनडातील वॉटर्लू येथे तर असल्या शिक्षणावरच एक विद्यापीठ उभे राहिले. श्नायडर स्वतः १९२९ साली सिनसिनाटीचा अध्यक्ष झाला. ज्यांनी हात झटकले होते त्यांच्याच खुर्चीशेजारी त्याची खुर्ची मांडली गेली.

हे सारे खरे. परंतु श्नायडरच्या विद्यार्थ्यापाशी निदान कारखान्यांचे शहर तरी होते. ज्याच्या गावात धुराडे नाही आणि ज्याच्या घरात चूलही रोज पेटत नाही, त्याने कुठे जावे?

या प्रश्नाचे एक उत्तर त्याच अमेरिकेत, पण काळ्या माणसांच्या वस्तीत, आधीच शोधले जात होते. गुलामीत जन्मलेला बुकर टी. वॉशिंग्टन १८७२ साली हॅम्प्टनच्या शाळेत आला तेव्हा त्याच्यापाशी फीला पैसे नव्हते. एक खोली त्याने पुन्हा पुन्हा झाडून लख्ख केली, आणि तीच त्याची प्रवेशपरीक्षा ठरली. पुढे तो शाळेची झाडलोट करून शिकला. १८८१ साली त्याने टस्कीगी येथे आपली शाळा काढली. इमारत नव्हती, म्हणून विद्यार्थ्यांनी विटा पाडायला घेतल्या. तीन वेळा भट्टी फसली. चौथ्या भट्टीसाठी वॉशिंग्टनने आपले घड्याळ गहाण टाकले, आणि ती भट्टी साधली. त्या विटांनी शाळा उभी राहिली, आणि उरलेल्या विटा घ्यायला गोरी गिऱ्हाइकेही दारात आली.

पण या मार्गावर एका विद्वानाने बोट ठेवले. डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनी १९०३ साली विचारले की, काळ्या मुलाला केवळ विटा पाडायला शिकवाल आणि उच्च विद्येचे दार त्याच्यासाठी लोटून घ्याल, तर तो कायमचा मजूर राहील, त्याचे काय? हा आक्षेप फार महत्त्वाचा आहे. श्रम शिक्षणाच्या जोडीला आले तर माणूस उभा राहतो. श्रम शिक्षणाच्या जागी आले तर तो तिथेच वाकलेला राहतो. हे दोन्ही बाहेरून पाहता सारखेच दिसतात, आणि फसगत होते ती इथे.

आता आपण आपल्या मातीकडे वळू. आपल्याकडे गरीब विद्यार्थ्याची सोय होती ती माधुकरीची आणि वारांची. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी आपट्यांकडे, असे सात घरी जेवून मुले शिकली आणि मोठी झाली. त्या घरांचे उपकार खरेच मोठे. पण वार लावून जेवणाऱ्या मुलाची मान ताटावर खाली असे, आणि कित्येक जातींच्या मुलांना तर त्या ओसरीवरही पाय ठेवता येत नसे. त्यांना ताट वाढणारे घरच नव्हते.

अशा मुलांसाठी जो माणूस उभा राहिला, तो स्वतः मॅट्रिकही झालेला नव्हता. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी आयुष्याचा एक काळ किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकीत काढला. त्या फिरतीत त्यांनी खेडे पाहिले, आणि खेड्यातले पोर पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसणार, हा तिथला पहिला नियम. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव मिळाले.

या वसतिगृहाची कथा सांगताना लक्ष्मीबाईंना वगळले तर ती कथाच राहणार नाही. मुलांच्या पोटासाठी या माउलीने अंगावरचे दागिने एकेक करून दिले. एक दिवस कोठीत धान्य नव्हते, भाऊराव गावी नव्हते, तेव्हा तिने गळ्यातले मंगळसूत्रही दिले. १९३० साली ती गेली. नवऱ्याच्या हयातीत मंगळसूत्र उतरवणे म्हणजे त्या काळच्या बाईला काय वाटले असेल, हे आमच्या वाचक भगिनींना मी सांगायला नको. तिने बहुधा एवढाच हिशेब केला असेल की सौभाग्य गळ्यात असते त्याहून पंगतीत जास्त असते.

पण भाऊरावांना ठाऊक होते की मंगळसूत्र एकदाच विकता येते. पंगत मात्र रोज बसते. म्हणून त्यांनी मुलांच्या हातांना काम दिले. मुलांनी स्वयंपाक करावा, पाणी भरावे, शेत कसावे, खडी फोडावी, बांधकामावर राबावे, आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात जेवावे, शिकावे. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे संस्थेचे ब्रीद झाले आणि ‘कमवा आणि शिका’ हे तिचे चालते रूप. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल याच तत्त्वावर निघाले. आणि १९४७ साली, देश स्वतंत्र होत होता त्याच वर्षी, साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले.

माझ्या मते ड्यूबॉइसच्या आक्षेपाला साताऱ्याने दिलेले उत्तर ते हे कॉलेज होय. सकाळी कुदळ धरणारा मुलगा दुपारी अर्थशास्त्र आणि इंग्रजी वाङ्मय शिकू लागला. कुदळ हे त्याचे भवितव्य नव्हते; ते त्याच्या फीचे नाणे होते. याच संस्थेत वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. श्रमाने दार बंद झाले नाही, उघडले. १९५९ साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी.लिट. ही पदवी दिली. ज्याला मॅट्रिकच्या मांडवातूनही जाता आले नव्हते, त्याच्यापुढे विद्यापीठाने मान लववली. त्याच वर्षी ९ मे रोजी कर्मवीर गेले.

सिनसिनाटी आणि सातारा यांच्यामध्ये सात समुद्र आहेत. श्नायडरचा विद्यार्थी जे शिके तेच काम करी. भाऊरावांचा विद्यार्थी जे मिळेल ते काम करून शिके. पहिल्याला त्यातून धंद्याचे ज्ञान मिळाले, दुसऱ्याला ताठ मान. परंतु दोन्ही ठिकाणी दोन गोष्टी समान होत्या. एक, काम शोधण्याचा भार विद्यार्थ्यावर टाकला नव्हता. संस्थाच त्याच्यासाठी दारोदार हिंडली. आणि दुसरी, कामाचे मोल त्याला मिळत होते, एका ठिकाणी रोख वेतनाने, दुसऱ्या ठिकाणी अन्नाने आणि विद्येने. या दोन गोष्टी काढून घ्या, की उरते ती वेठ.

पुढचा इतिहास सांगायचा तर या दोन गोष्टी आपण कुठे सांभाळल्या आणि कुठे सोडल्या, याचाच तो इतिहास आहे. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. उमेदवाराला विद्यावेतन दिलेच पाहिजे असे त्यात ठरले, आणि १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर अभियंतेही त्यात आले. त्याच १९७३ साली पिलानीच्या बिर्ला संस्थेने विद्यार्थ्यांना अध्यापकांसह कारखान्यांत पाठवण्याचा क्रम सुरू केला. हिंडणारा मास्तर तिथे पुन्हा भेटतो. पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना आज कर्मवीरांच्याच नावाने चालते, आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आप्पासाहेब पवारांच्या नावाचे विद्यार्थी भवन याच विचारावर उभे आहे.

आणि सोडले कुठे? ते आम्हा मास्तरांनाच विचारा! १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने सांगितले की कार्यानुभव हे शिक्षणाचे अविभाज्य अंग असावे. मुलाने शेतात, कारखान्यात, कर्मशाळेत खरे काम करावे. शब्द उत्तम होता. पण तो वेळापत्रकात शिरला आणि आठवड्याच्या शेवटच्या तासाला जाऊन बसला. कागदाची फुले, मेणबत्त्या, खडू आणि दिवाळीच्या तोंडावर आकाशकंदील, एवढ्यात आमचा कार्यानुभव आटोपला. आकाशकंदील करण्यात वाईट काही नाही. पोरे तेवढ्यापुरती खूष असतात. मौज इतकीच की पुष्कळ कंदील आयांच्या हातचे असतात आणि गुण पोरांना मिळतात.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तोच विचार इंटर्नशिप या नावाने महाविद्यालयांत आला आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाला गुण मिळू लागले, ही चांगली गोष्ट आहे. २०२४ साली केंद्र सरकारने मोठ्या कंपन्यांतून तरुणांना कामाचा अनुभव देणारी योजना जाहीर केली, तीत महिना ५००० रुपये ठरवले. महाराष्ट्र सरकारनेही त्याच वर्षी कार्य प्रशिक्षणासाठी विद्यावेतनाची योजना आणली. म्हणजे मोल द्यावे हे तत्त्व सरकारदरबारी मान्य आहे. पण त्या योजनांच्या बाहेर काय चालते? ‘अनुभव मिळतोय ना, मग पैसे कसले?’ असे म्हणून मुलांकडून महिनोन् महिने फुकट काम करून घेणाऱ्या कचेऱ्या कमी नाहीत. ज्याचा बाप मुंबईत खोलीचे भाडे भरू शकतो, तो असा अनुभव विकत घेतो. ज्याचा बाप भरू शकत नाही, तो गावी परततो, आणि त्याच्या अर्जावर अनुभवाचा रकाना कोराच राहतो. वशिल्याचा मामा आपण पुढच्या दाराने घालवला. तो मागच्या दाराने पुन्हा घरात आला आहे, एवढेच.

आणि महाविद्यालयाने काय करावे? भिंतीवर जाहिरात चिकटवून ‘तुमचे तुम्ही शोधा’ असे सांगणाऱ्या मार्गदर्शन कक्षाला मी मार्गदर्शन म्हणणार नाही. श्नायडर कारखानदारांच्या दारात गेला होता. भाऊराव धान्याच्या पोत्यासाठी गावोगाव गेले होते. मुलाच्या आधी मास्तराची चप्पल झिजली पाहिजे, हा या साऱ्या इतिहासाचा धडा आहे, आणि तो मुलांपेक्षा मास्तरांनी पाठ करण्यासारखा आहे.

वाचकांपैकी कुणाचे दुकान असेल, कुणाची छपाई, कुणाचे गॅरेज, कुणाची हिशेब तपासण्याची कचेरी. लक्ष्मीपूजनाला तुमच्याकडे वह्यांची पूजा होईल, हळदकुंकू वाहून पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिला जाईल. त्या नव्या वहीत यंदा एका शिकणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे खाते उघडा. रोज दोन तास काम द्या, ते काम असे का करायचे हे समजावून सांगा, आणि महिनाअखेर ठरलेले पैसे मोजून हातावर ठेवा. म्हणजे पुढच्या दिवाळीला कुणा काकाने ‘मग, पुढे काय?’ असे विचारले, तर ते मूल अनारसा सावकाश चावून खाईल आणि मग उत्तर देईल.